दोन माहेरांची वस्त्रं

फुटबॉल वर्ल्ड कपच्या त्या उन्हाळ्यात न्युरेम्बर्गमधल्या गाडीगाडीवर झेंडे होते आणि आमच्या घरात सासूबाई होत्या. तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेल्या. बॅगेत चकलीची भाजणी, मेतकूट आणि अगदी तळाशी एक इरकली साडी. ती त्यांच्या भावाने दिलेली. बाईच्या अंगावरची शेवटची साडी माहेरची हवी ना! "इथे काही झालं तर भाऊ काय साडी घेऊन जर्मनीला येणार?" असं म्हणत त्या ती दाखवायला निघाल्या, की मी कुकर लावायला पळायचे. मला रागच यायचा. धडधाकट बाई, माझ्याआधी जिना चढून वर पोचते, आणि हे काय अभद्र बोलणं!

आमच्या खालच्या मजल्यावर एक फिलिपिनो बाई राहायच्या. तरुणपणी नर्स म्हणून आल्या आणि इथेच निवृत्त झाल्या. सासूबाईंना जर्मन येत नव्हतं, त्यांना मराठी. तरी रोज संध्याकाळी दोघी अंगणातल्या बाकावर बसून मटार सोलायच्या, आणि माझ्यावाचून त्यांचं काही अडायचं नाही.

त्या बाईंची मुलगी कलाकार होती, इथेच जन्मलेली. तिचं प्रदर्शन एका बंद पडलेल्या कारखान्यात भरलं, तेव्हा आम्ही तिघी मिळून गेलो. कमरेला पट्टा बांधून विणायचा आजीच्या गावचा माग ती मोठेपणी शिकली होती, आणि आईचे जुने युनिफॉर्म फाडून त्या पट्ट्यांतून तिने आजीची नक्षी विणली होती. मला आधी वाटलं, चिंध्याच की! जवळ गेले तर एका पट्टीवर खिशाची शिवण दिसली, खाली पेनाच्या शाईचा डाग.

मधोमध आजीने स्वतः विणलेली चादर टांगली होती. पांढऱ्यावर काळे-निळे पट्टे, त्यांत इवलीइवली माणसं. एका संग्रहालयाला ती कायमची हवी होती, आणि मुलगी हे हरखून सांगत होती. आई "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत मान डोलवत होती आणि चादरीचा काठ बोटांनी पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

सासूबाईंचं लक्ष त्या बोटांकडे गेलं. "विचार गं त्यांना, काय होतंय?"

मी विचारलं. बाई हळूच जर्मनमध्ये म्हणाल्या, "आमच्या डोंगरात माणूस गेलं की त्याला यात गुंडाळतात. ही माझ्या आईने माझ्यासाठी विणली. मुलीला सांगू नकोस. मरणाचा विषय काढला की ती उठून जाते."

मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. शेवटच्या वाक्याला माझी जीभ अडखळली. सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. चार शब्द बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

मग त्या तडक मुलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बाळ, ही तुझ्या आईला माहेरहून मिळालीये. शेवटी ती तिच्याबरोबर जायची आहे." आणि माझ्याकडे वळून, "सांग तिला."

"अहो आई, त्यांनी सांगू नको म्हटलंय."

"ते त्यांनी म्हटलंय. मी सांग म्हणतेय."

मी सांगितलं. मुलगी आईकडे वळली. आईने मान खाली घातली, पण हातातला काठ काही सोडला नाही. मुलगी म्हणाली, "मग ही कुणालाच द्यायची नाही. संग्रहालयाने माझं विणलेलं न्यावं." एवढं बोलून ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मलाही रडू आवरेना.

घरी आल्यावर मी कुकरकडे गेले नाही. म्हटलं, "आई, ती साडी दाखवा बघू."

त्यांनी बॅगेच्या तळातून काढून ती पलंगावर उलगडली. गर्द जांभळी, लाल पदराची. किती तरी वेळ मी तिच्यावरून हात फिरवत राहिले. काठाशी हात आला तशी म्हणाले, "अहो आई, हिला फॉल लावायचा राहिलाय."

"अगं वेडे," सासूबाई म्हणाल्या, "ती नेसून मला कुठे चालायचंय?"