नाचणारा दमेपर्यंत

"नाचनारा दमला काय? नाय ना? मंग मी कसा थांबू?"

आमच्या ड्रमरचं हे ठरलेलं वाक्य. बोलताना काठ्या बगलेत, आणि नजर तुमच्या तोंडाकडे नाही, मानेकडे. मान जरा जरी हलली, की स्वारी परत सुरू.

मी डोंबिवलीची. दिवसा शाळेत गणित शिकवते आणि रविवारी डेथ मेटल बँडमध्ये बास गिटार वाजवते. हसा खुशाल, माझी आईपण आधी हसलीच होती. ज्यांनी हे संगीत ऐकलं नसेल त्यांना सांगते, यात गिटारी करवतीसारख्या चालतात आणि गाणारा गात नाही, बेंबीच्या देठापासून गुरगुरतो. आमचा गुरगुरणारा एरवी इतका हळू बोलतो की रिक्षावाला त्याला दोनदा विचारतो, कुठे जायचंय. अशा बँडचे ड्रमर सुसाट वाजवतात. आमचा मात्र मध्येच वेग खाली आणायचा आणि असा जड, झुलता ठेका धरायचा, की भल्याभल्यांना उभं राहवायचं नाही.

हे आलं होतं घरातून. तो मानपाड्याचा, आगरी. वडिलांची बँजो पार्टी, म्हणजे लग्नाच्या हळदीत वाजवणारा ताफा. तो लहानपणापासून त्यांच्याबरोबर टेम्पोत बसून वाजवत आलेला. दिवसा वाळू-सिमेंटचा धंदा. आमच्या सरावाला येताना तांदळाच्या भाकऱ्या आणि सुका जवळा आणायचा, आणि आम्ही खाल्ल्याशिवाय ड्रमला हात लावायचा नाही. हळदीचा नियम एकच, समोर कोणी नाचत असेल तर वाजवणाऱ्याने थांबायचं नाही. तो नियम याने आमच्या गाळ्यातपण आणला.

गाळा इंडस्ट्रियल इस्टेटमधला, रविवारी कारखाने बंद, त्यामुळे कितीही बोंबला. तिथेच आमचा अल्बम रेकॉर्ड होत होता. आमचा गिटारवाला ठाण्याचा, खोपटला राहतो, सॉफ्टवेअरमधला, घड्याळावर जगणारा. तो वैतागायचा. "भाई, साडेतीन मिनिटांचं गाणं आहे, तू सहा मिनिटं काय वाजवतोस?"

"बाय हलत व्हती ना!" बोट माझ्याकडे.

मग आम्ही शक्कल काढली. तो वाजवायला लागला की सगळ्यांनी पुतळ्यासारखं बसायचं. मी तर गुडघे घट्ट धरून ठेवायचे. त्याने दोन मिनिटं वाजवलं आणि काठ्या ठेवल्या. "मयताला आल्यासारखं काय बसलेत? मना नाय जमत असं." तो रविवार फुकट गेला.

शेवटी गिटारवाल्याने सांगून टाकलं, ड्रम कॉम्प्युटरवर लिहू या, जगभर लिहितात, सेकंदाला सेकंद जुळेल. मला वाटलं आता हा भडकणार. पण नाही. "बरं हाय, मशीनला भूकपन लागत नाय," म्हणाला आणि काठ्या पिशवीत भरल्या. त्या दिवशी भाकरी आणली होती, स्वतः एक घास खाल्ला नाही.

मी बाहेर त्याच्या मागे गेले. म्हटलं, "अरे, भांड ना त्याच्याशी!" बाइकवर बसून तो म्हणाला, "बाय, एवढ्या हलदी वाजवल्या. हलद उतरली का वाजवलेलं बी उतरलं, कुठं काय राह्यलं नाय. वाटलं व्हतं, यात तरी माझा हात राहील." मला गिटारवाल्याचा असा राग आला होता म्हणून सांगू.

थोड्या दिवसांनी ड्रमरच्या चुलत भावाची हळद होती. रुसवा-फुगवा बाजूला ठेवून त्याने आम्हा सगळ्यांना बोलावलं. संध्याकाळी मांडवात वडील नाल वाजवतायत, बँजो चाललाय, हा ड्रमवर. आणि एका गाण्यात याने हळूच आमचाच ठेका घुसवला, अल्बममधला! पिवळ्या तोंडाच्या मावश्या-आत्या त्यावर अशा नाचल्या, जसं काही वर्षानुवर्षं हेच वाजतंय. गिटारवाला कोपऱ्यात ताट घेऊन उभा. आधी त्याची टाच हलली, मग मान. मग ताट खुर्चीवर ठेवून साहेब थेट मावश्यांच्या मध्ये!

झालं. ड्रमरने ते बघितलं. आता कसला थांबतोय? बँजोवाला खुणा करतोय, वडील डोळे वटारतायत, नवरदेव कंटाळून बसला, तरी हा आपला चालूच. वडिलांना शेवटी हसू आलं. गिटारवाला घामाने निथळत खुर्चीत कोसळला, तेव्हा कुठे काठ्या थांबल्या.

"रविवारी ये," गिटारवाला धापा टाकत म्हणाला. "तूच वाजव."

"घड्याल घरी ठेवशील त येतो."

आणि खरंच, घड्याळ काढून आमचा अल्बम होत आला. गाणी लांबली, लांबू देत. रेकॉर्ड झालेलं त्याने बापाला फोनवर ऐकवलं. बापाने गुरगुरणं संपेपर्यंत फोन कानापासून लांब धरला आणि ठेका आल्यावर जवळ आणला. हे तोच आम्हाला करून दाखवायचा, पोट धरून हसत.

एकाच गाण्याचे ड्रम राहिले होते. पावसाळ्यात डेंग्यूचं निमित्त झालं आणि बघता बघता तो गेला. मी अजून त्याचा नंबर फोनमधून काढलेला नाही, काढणारही नाही.

त्या शेवटच्या गाण्याचे ड्रम कॉम्प्युटरवर लिहायला गिटारवाला बसायचा. लिहायचा, ऐकायचा, पुसायचा. मीच एकदा म्हटलं, "कर रे पुरं, त्याला वाईट नाही वाटणार." तो पडद्याकडेच बघत म्हणाला, "त्याला नाही गं. मला वाटेल." आणि कॉम्प्युटर बंद केला.

अल्बम आता इंटरनेटवर आहे. शेवटचं गाणं आम्ही तसंच सोडलं. गिटार आहे, गुरगुर आहे, माझा बास आहे. कुठून कुठून पोरं लिहितात, भाई, शेवटची फाइल खराब आहे, ड्रम येतच नाहीत. उत्तर द्यायचं काम गिटारवाला दुसऱ्या कुणाला करू देत नाही. प्रत्येकाला स्वतः लिहितो, "फाइल नीट आहे. आमचा ड्रमर गेला."