बर्फाचा आवाज

‘कशावरून’ हा एकच शब्द उच्चारण्यासाठी आमच्या मुलीच्या बालवर्गाच्या बाई जन्माला आल्या होत्या. सूर्य पूर्वेला उगवतो असं सांगितलं असतं, तरी त्या आधी गच्चीवर जाऊन बघून आल्या असत्या. त्या मूळच्या नाशिकच्या, नवरा तेल कंपनीत. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास, आखातातल्या दोहा शहरात, एका छोट्या भारतीय शाळेत त्या पाच वर्षांच्या मुलांना शिकवत. खरं तर शिकवत नसत, कामाला लावत. सप्टेंबरच्या उकाड्यात हिवाळ्याचा धडा आला, तेव्हा त्यांनी सगळ्या वर्गाला थंडी शोधायला पाठवलं. मुलं फरशीला गाल लावून आली, एसीखाली उभी राहिली, गार पाण्याच्या नळाला हात लावून पोळून आली. शेवटी त्यांनी ठरवलं, की थंडी उन्हाळ्यात एसीतून येते, हिवाळ्यात एसी बंद करतात, म्हणून हिवाळाच गरम. बाईंनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. मी इंजिनियर माणूस, तावातावाने जाब विचारायला गेलो. ऑफिसात स्वेटर कधी घालता, असं त्यांनी शांतपणे विचारलं. जुलैत, असं मला सांगावं लागलं आणि मी परत आलो.

पुस्तकात पुढे बर्फ होता. पडणारा बर्फ बाईंनी स्वतः पाहिला नव्हता, म्हणून त्या तो शिकवेनात. मासळी बाजारातून त्यांनी बर्फाचा चुरा आणवला, तर पुढे बरेच दिवस बर्फाला हमूर माशाचा वास येतो असं आमच्या घरातही मानलं जात होतं. जानेवारीत कंपनीने मला एकट्यालाच युरोपात ट्रेनिंगला पाठवलं. बाईंनी कोरी कॅसेट हातात ठेवली. पडताना बर्फाचा आवाज येतो का, असा वर्गाचा प्रश्न होता आणि उत्तर मी टेप करून आणायचं होतं.

आणलं. वर्गात मी लहानशा खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो आणि तीस पोरं श्वास रोखून काहीच नसलेलं ऐकू लागली. टेपची खरखर तेवढी होती. मग कुणीतरी नाक ओढल्यासारखा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा.

“दॅट्स अंकल. ही इज क्राइंग,” पुढे बसलेली मुलगी म्हणाली.

“नो, पप्पांना सर्दी झाली होती,” आमची लेक तिच्यावर खेकसली.

बाईंनी टेप थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या वर्गात सर्दी म्हणून सुटता येत नसे, कशावरून हे विचारलं जाई. लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. बाप खोटा ठरतो की रडका, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

“रडत होतो,” मी म्हणालो.

“का?” तीसही तोंडांतून आलं.

एरवी कुठलाही प्रश्न अर्ध्यावर न सोडणाऱ्या बाई पटकन उठल्या. “खलास. यल्ला, चला, डबे काढा.”

फाटकापर्यंत त्या माझ्यासोबत आल्या. त्यांचा मोठा मुलगा नाशिकला आजीकडे शिकत होता. पत्रांऐवजी त्या त्याला कॅसेट पाठवत, तशा तेव्हा आम्ही सगळेच पाठवत असू. “माझंही होतं असं बोलताना,” त्या म्हणाल्या. “मग मी थांबते. टेप बंद करते, तोंड धुते आणि पुढचं बोलते. तुम्हाला बंद करायचं सुचलं नाही का हो?”

नव्हतं सुचलं. त्या संध्याकाळी मी कपाटातून आईने गावाहून पाठवलेल्या जुन्या कॅसेट काढल्या. एकेकदाच ऐकल्या होत्या, त्याही जेवताना, बातम्यांच्या आधी उरकायच्या म्हणून. ‘यंदा आंब्याला मोहोर बरा आहे’, आई म्हणत होती. मग टेपच्या बटणाचा एक खटका. मग ‘तू वेळेवर जेवतोस ना?’ पुन्हा खटका. इतकी वर्षं मला वाटत होतं, आईला ते यंत्र नीट वापरता येत नाही.