मी बसवलेला सर्व्हर

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. माझ्याच हातानं माझं वाटोळं कसं झालं ते सांगताना मला अजून काही हसू येत नाही.

मांजरसुंब्याजवळ आमच्या कंपनीचं रस्त्याचं काम चाललं होतं. कंपनीला नुकताच परदेशी भागीदार मिळालेला, त्यामुळं साहेबलोकांना रोज नवं खूळ! मी साइट ऑफिसात रोजंदारीवरचा टायपिस्ट. कॉम्प्युटर चालू करता येणारा मी एकटाच, म्हणून पुण्याहून आलेल्या सीड्या माझ्याच टेबलावर आदळल्या. प्रोजेक्टचा सर्व्हर बसवायचा! कोणतं काम, कोणाकडं, किती दिवस, ते मी भरायचं अन् साहेबांनी पुण्यात बसून बघायचं.

"नीट बसवलात तर तुम्हाला कायम करू," साहेब फोनवर म्हणाले. घरी दोन लेकरं. मला आणखी काय पाहिजे होतं?

तीन दिवस नुसता छळ! नव्वद टक्क्यांवर आलं की लाईट जायची, की परत पहिल्यापासून. चौथ्या दिवशी खडी क्रशरवरचा जनरेटर ओढून आणला, तेव्हा सर्व्हर बसला एकदाचा.

लगेच पुण्याचा दुसरा फोन. "ज्याच्या नावावर काम दिसणार नाही, त्याला महिनाअखेर कमी करायचं."

ही बातमी फुटली. कोणी फोडली? मीच, दुसरं कोण! सकाळी दारात ही रांग. सगळ्यात पुढं आमचे साठीला टेकलेले शिपाई, साहेबराव.

"माझ्या नावावर काय लिवलं ओ?"

"अजून काईच न्हाई, काका."

"कावून न्हाई? लिवा की! पोरीचं लगीन ठरलंय माझ्या."

लिहिलं, 'साइटवर पाणी पोचवणे, सात महिने.' काकांनी हात जोडले, मला कसंतरीच झालं. मागून रोलरवाला बबन ओरडला, "मला लई थोडं दिलंस बे! वाढव की!" त्याचंही वाढवलं.

गोची अशी, की कामांची यादी पुण्यानं बांधून दिलेली. नवं काम घालायची सोय नाही, आहे त्यातूनच वाटायचं. शेवटी हजेरी दिली ड्रायव्हरला, टपाल दिलं मुकादमाला. वॉचमन तर अंगठेबहाद्दर, पण यादीत उरलं होतं फक्त माझं टायपिंग. दिलं टाकून! पंगतीत वाढणारा शेवटी जेवतो ना, तसा मी आपला वाढत सुटलो. जो तो मला 'साहेब' म्हणत होता, मग भान कशाला राहतंय? माझ्या नावापुढं एकच काम होतं, 'सर्व्हर बसवणे'. त्याच्यापुढं मी ऐटीत शंभर टक्के पूर्ण असं भरलं.

महिनाअखेर फोन वाजला.

"कमाल आहे! अख्ख्या साइटवर एकच माणूस रिकामा दिसतोय."

मी कागद-पेन घेतलं. "नाव सांगा साहेब, लिहून घेतो."

"तुमचंच."

"साहेब... काहीतरी चुकलं असेल."

"म्हणजे? सर्व्हर नीट बसला नाही का?"

नीट नाही म्हणावं, तर कामात नापास. खरं सांगावं, तर साहेबराव काकांसकट अख्खी रांग घरी. काका दारातच माठ भरत होते.

"नाही साहेब," मी म्हणालो, "सर्व्हर एकदम नीट बसलाय."

"शाब्बास!" साहेब म्हणाले अन् त्यांनी फोन ठेवला.