एकच हलका लॅपटॉप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसात कुणाचं कुणाशी बिनसलं इथपासून सगळं सांगतो. तुम्हाला सांगतोय. का, ते नीट कळत नाही. आतापर्यंत तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा दुष्काळावर छान लेख लिहून उठलो.

गोष्ट एका लॅपटॉपची आहे. हसू येईल, येऊ द्या. मीही बरीच वर्षं ती हसण्यावारीच नेली.

दुष्काळाची वर्षं होती. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आणि ते बीड बायपासच्या बाजूनं नुसतं पसरत होतं. नव्या इमारतींवर ‘चोवीस तास पाणी’चे फलक लागायचे आणि फलकाखाली टँकर उभा असायचा. मी एका छोट्या संस्थेत कामाला होतो. गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायची, त्यावरून नकाशा करायचा आणि तो गावासमोर ठेवायचा — पाणी कुठं मुरेल, कुठं आता बोअर घेण्यात अर्थ नाही. फिरतीवर आम्ही दोघंच, मी आणि प्रज्ञा. वयानं बरोबरीचे, पगारानंही. कन्नड, खुलताबाद, लासूर स्टेशनच्या पुढची गावं. आधी एसटी, मग जीप, मग पायी. आम्हा दोघांवर काळे सर. कमी बोलणारा, सरळ माणूस. हे ‘सरळ’ लक्षात ठेवा, कारण पुढं मी त्याचीच वाट लावली आहे.

आमच्याकडे एकच लॅपटॉप होता, जुना आणि धोंड्यासारखा जड. तो आम्ही आळीपाळीनं खांद्यावर टाकायचो. त्यात भर पाण्याच्या बाटल्यांची. गावात प्यायला पाणी मागायचं नाही, असा प्रज्ञाचा नियम होता. लोक घागरीतला शेवटचा तांब्यासुद्धा पाहुण्यापुढे करतात, म्हणून आपलं पाणी आपण न्यायचं, असं ती सांगायची. तिच्या नियमाला आणखीही काही कारण असेल का? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तिच्या घरच्यांनी बाबासाहेबांबरोबर धम्म घेतलेला, माझ्या घरात आधी भिक्षुकी, मग कारकुनी — मला असे प्रश्न पडायची कधी गरजच पडली नव्हती.

मग सर म्हणाले, फिरतीसाठी नवे हलके लॅपटॉप घेऊ, तुम्ही दोघं बघून या. आम्ही निराला बाजारातल्या एका दुकानात गेलो. मी इंटरनेटवर सगळं वाचून, शहाणा होऊन गेलो होतो. मला एक चकचकीत, पापडासारखा पातळ आवडला होता. प्रज्ञानं तो उचलला, आपल्या झोळीत घातला, वर पाण्याच्या दोन बाटल्या आणि विहीर मोजायची टेप घातली आणि दुकानभर चालून आली. मग तो उघडून थेट बाहेर फुटपाथवर, उन्हात. दुकानदार धास्तावून मागं.

“यात तर माझंच तोंड दिसतंय,” ती म्हणाली. “गावाला नकाशा दाखवायचाय का आरसा?”

तिनं चार्जरही हातात तोलून पाहिला. त्याचं वजन कुणी सांगत नाय, म्हणाली. गावात लाइट नसते म्हणून बॅटरी खरोखर किती चालते ते खोदून विचारलं. शेवटी तिनं जो निवडला तो करडा, दिसायला अगदी साधा. पण पडदा उन्हात स्वच्छ दिसणारा आणि हातात घेतला तर काही घेतलंय असं वाटूच नये. “हा असला की आणखी एक बाटली बसंल,” ती म्हणाली. मीही तो हातात घेतला — आणि खरं सांगतो, लहान मुलाला दुसऱ्याचं खेळणं हवंसं वाटतं तसा तो मला हवासा वाटला.

आता मुद्द्यावर यायला हवं. मी मुद्दाम दुकानात रेंगाळतोय.

पुढच्या आठवड्यात सरांनी मला एकट्याला बोलावलं. यंदा एकच लॅपटॉप होईल, म्हणाले. दुसरा जुनाच वापरावा लागेल. नवा प्रज्ञाला द्यावा असं वाटतंय, निवड तिची आहे, खांदाही तिचाच जास्त दुखतो. तुझं काय म्हणणं?

माझं काय म्हणणं? मी म्हणालो, “सर, तिच्या आईची तब्येत बरी नसते. तिला आता फिरती नको आहे. तुम्हाला सांगायला संकोचते. तुम्हीही तिच्याकडे विषय काढू नका, तिला वाईट वाटेल.”

यातला एक शब्दही खरा नव्हता. म्हणजे, आईचे गुडघे दुखतात असं ती कधीतरी जीपमध्ये बोलली होती, तेवढंच. बाकी सगळं मी उभ्या उभ्या रचलं. इतकं सफाईनं, की माझं मलाच नवल वाटलं. सर म्हणाले, “बरं झालं सांगितलंस.” आणि तिला अडचणीत टाकायचं नाही म्हणून, निव्वळ चांगुलपणापोटी, त्यांनी तिला फिरतीवरून काढून ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आकडे भरायला बसवलं.

लॅपटॉप मला मिळाला. फिरतीही माझी एकट्याची झाली. गावं मला ओळखू लागली, मग पुण्याच्या बैठका, दिल्लीच्या परिषदा. आमच्या कामात माणूस फिरूनच मोठा होतो. मी झालो.

एकदा ऑफिसखालच्या टपरीवर तिनं मला विचारलं, “सरांनी मला का बसवलं रे? माझं काय चुकलं?” मी कपात बघत राहिलो. तेव्हा बोलता आलं असतं. मग ती स्वतःच म्हणाली, “जाऊ दे. कळतंय मला. लोकं आडनाव बघतात. वरनं गोड राहतात, पण बघतातच.”

आणि मी मान हलवली. होय अशी.

त्या दिवसानंतर ती सरांशी कामापुरतंच बोलू लागली. सर गोंधळायचे, जास्तच आपुलकीनं वागायचे, ती आणखी आकसायची. वर्षभरात तिनं नोकरी सोडली. सर निवृत्त झाले त्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, “त्या मुलीचं मन माझ्याकडून कशानं दुखावलं असेल रे?” काही कल्पना नाही, असं मी म्हणालो.

गेल्या हिवाळ्यात प्रज्ञानं मला तिच्या कॉलेजात बोलावलं. ती आता प्राध्यापक आहे. विद्यार्थ्यांपुढे तिनं ती हकिकत सांगितली — नाव न घेता, पण सगळी. साहेबानं जात बघून फिरती कशी काढून घेतली ते. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, “तिथं हा एकटाच होता. यानं मला खोटं नाही पाडलं.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले. तिनं दिलेलं गुलाबाचं फूल घेतलं आणि घरी आलो.

सर गारखेड्यात राहतात, एकटेच. तिचं घर तिथून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. दोघांचे नंबर माझ्या फोनमध्ये आहेत.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मला फक्त एक लॅपटॉप हवा होता. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तरी मी हेच केलं असतं. हे खोटं आहे. तिच्या जागी आमच्यातली एखादी जोशी किंवा देशपांडे असती, तर तिच्या आईबद्दल खोटं बोलायची माझी छाती झाली नसती. त्या आईला माझी आई ओळखत असती. हळदीकुंकवाला, मुंजीला कुठंतरी गाठ पडली असती, आता तब्येत कशी आहे असं विचारलं गेलं असतं, आणि मी पकडला गेलो असतो. प्रज्ञाच्या घरी तीन वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो. ती आमच्या घरी कधी आली नव्हती, मी बोलावलंच नव्हतं. तिच्या आईची चौकशी करणारं आमच्याकडे कुणी नाही, हे सरांच्या टेबलापुढे उभा असताना मला पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर मी बोललो.

सरांनी तिचं आडनाव कधी बघितलं नव्हतं. मी बघितलं होतं.