सारवलेली धावपट्टी

उभ्या आयुष्यात मी एकच विमान मोडलं, आणि तेही शेणापायी. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापा, हसा. मला आजही त्याचा संताप येतो.

अडुसष्ट-एकोणसत्तर साल असेल. मी नागपूरच्या एका शेठचं चार आसनांचं विमान चालवत होतो. शेठची उमरेडच्या पलीकडे कापसातली सरकी काढायची जिनिंग गिरणी होती. रस्ता खड्ड्यांचा, शेठची कंबर नाजूक, म्हणून जिनिंगला लागूनच त्यानं मुरमाची धावपट्टी करून घेतलेली. माझा जीव मात्र त्या नोकरीत नव्हताच. एका मोठ्या विमान कंपनीत माझी मुलाखत झाली होती आणि पत्र तेवढं यायचं होतं. अट एकच, नावावर अपघाताचा ठपका नको. नागपुरात सदरमधल्या एका खोलीत राहून, खानावळीचं पाण्यासारखं वरण ओरपत, पाच वर्षं मी या एका पत्रासाठी काढली होती.

धावपट्टी राखायला एक बाई होती, साठीच्या घरातली. ती पट्टी म्हणजे मुळात तिच्या नवऱ्याचं कपाशीचं वावर. शेठनं ते विकत घेतलं आणि नवऱ्याला तिथंच चौकीदार नेमलं. तो वारल्यावर चौकीदारी हिच्याकडे आली. विमान यायच्या दिवशी पट्टीवरची ढोरं हाकलायची, एवढंच काम. मी तिला माय म्हणायचो, ती मला बापू.

तिथं वैताग होता तो धुळीचा. चाकं टेकली की मागं हा एवढा लोट उठायचा. एकदा तो थेट शेठाणीच्या नव्या कोऱ्या साडीवर बसला आणि तिनं मला चारचौघांत झापलं. जसं काही मीच घरून पोतं भरून धूळ आणली होती! तिला उलट बोलायची माझी काय बिशाद? मी राग काढला मायवर.

"किती धूळ आहे वं माय इथं! समोरचं काही दिसून नाही राहिलं. काहीतरी कर ना!"

"मी काय करू बापू?"

"काहीही कर!" असं म्हणून मी चहा प्यायला निघून गेलो.

पुढच्याच महिन्यात हंगामाची पूजा होती. कापसाची पहिली गाडी जिनिंगमध्ये घ्यायचा मुहूर्त. मी शेठ आणि शेठाणीला घेऊन निघालो. वरून पट्टी दिसली तेव्हा तिचं अलीकडचं टोक जरा काळसर, हिरवट वाटलं. अशा वेळी आधी न उतरता एक फेरी खालून मारायची, पट्टी नीट पाहायची आणि मगच उतरायचं, हा नियम. मला तो पाठ होता. पण मागून शेठचं सुरू, "अरे, मुहूर्त निकल रहा है, सीधा उतारो ना!" आणि मी गाढवासारखा सरळ उतरवलं.

चाकं टेकली. ब्रेक दाबला, तर विमान थांबायचं सोडून आडवं सरकायला लागलं. मी काय काय केलं ते आता सांगून उपयोग नाही, कशाचाच परिणाम झाला नाही. पट्टी सोडून ते बाजूच्या नालीत गेलं, पुढचं चाक मोडलं, पंखा जमिनीत रुतून वाकला. शेठच्या कपाळावर टेंगूळ आलं, शेठाणी रामनाम घेत होती. बाकी सगळे धड. मी दार उघडून पट्टीवर धावलो आणि दुसऱ्याच पावलाला घसरून सपशेल आडवा झालो. हात पाहिला तर कोपरापर्यंत शेण!

माय लुगडं सावरत पळत आली. तिचेही हात शेणानं भरलेले.

"लागलं त नाही ना रे बापू? पहाटपासून दहा बाया घेऊन सारवलं. सगळं नाही, तुये चाकं टेकते तेवढंच. पाह्य बरं, उडाली का धूळ?"

खरंच, कणभर धूळ उडाली नव्हती.

"अवं माय, हे काय अंगण आहे का तुझं?" मी ओरडलो.

"मंग? वावर त आमचंच होय ना," ती म्हणाली.

आठ दिवसांनी विमान खात्यातून चौकशीचे साहेब आले. त्यांनी मला विचारलं, पट्टी ओली करायला हिला कुणी सांगितलं होतं? मी म्हणालो, मला माहीत नाही. बाईचं बयाण लेखी हवं, म्हणाले. साहेबांना मराठी येत नव्हतं, जिनिंगचा मुनीम नेमका गावाला गेलेला. म्हणून कागद-पेन कुणाच्या हातात दिलं? माझ्या! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

मी लिहिलं, 'कोणालाही न विचारता, माझ्याच मनाने मी धावपट्टी सारवली.' आणि तिला वाचून दाखवलं.

"बराबर हाय," ती म्हणाली. "पण तू म्हणे ना, काहीतरी कर म्हणून. थे काहून नाही लिहिलं?"

यावर मला राग आला. माझा नाही, तिचा! "काहीतरी कर म्हणजे सारव म्हटलं होतं का मी?"

"नाही. सारव नाही म्हटलं तू." तिनं कागदावर बोट ठेवलं. "तुया नोकरीचं हाय का काही त्याच्यात?"

मी शाईची डबी पुढं ओढली.

"मंग राहू दे," म्हणून तिनं अंगठा पुढं केला. शाई मीच लावली. "ठसा नीट उठला का पाह्य, नाहीतर आणखी लावू," असंही तीच म्हणाली.

चौकीदार बाईच्या अज्ञानामुळे अपघात झाला, असा निकाल लागला. खालून फेरी का मारली नाही, हे मला कुणी विचारलंच नाही. शेठनं त्याच आठवड्यात तिला काढून टाकलं. महिन्याभरात मला कंपनीचं पत्र आलं. खोलीत ते हातात धरून मी नुसता बसून राहिलो. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, पण ते पत्र फाडावं असं काही वाटलं नाही. ते मी नीट घडी करून पेटीत ठेवलं.

नोकरी सोडण्याआधी, दुरुस्त झालेलं विमान घेऊन एकदा तिथं जावं लागलं. या वेळी मी फेरी मारली. खाली माय दिसली, रोजानं वेचलेल्या कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन पट्टी ओलांडत होती. नवा चौकीदार काठी उगारून धावला आणि ढोरांबरोबर त्यानं तिलाही हाकललं. ती मुकाट्यानं बाजूला झाली. मी उतरलो, शेठचं काम होईस्तोवर विमानातच बसून राहिलो आणि तिला न भेटताच परत आलो.