अक्काच्या पाल्याचं नाव

अक्का नाव सांगायला निघाल्या होत्या. मीच त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

आज त्यांना जाऊन किती वर्षं झाली ते नातीनं सकाळी फोनवर सांगितलं, मी लगेच विसरले. ती दुपार मात्र विसरत नाही.

अक्का म्हणजे केवळाबाई, माझी थोरली जाऊ. आमचं गाव अहमदपूरजवळ, गावामागं डोंगर.

अक्का भाजलेल्यावर पाला लावायच्या. चुलीनं भाजलेलं, तेल उडालेलं, कुणाचंही. लांबलांबनं माणसं यायची.

माझ्या लग्नाला सतराएक वर्षं झाली होती, तेव्हा लातूर जिल्हा नुकताच नवा झाला होता. उस्मानाबाद सुटलं, आता कचेरीचं काम एका दिवसात होणार म्हणून सासरे लई खुश. त्या खुशीत घरी पुरणपोळ्या केल्या आणि कटाचं उकळतं पातेलं माझ्या हातावर आलं.
अक्कानं पाला लावला. आज तो डाग शोधून सापडत नाही.
(पोळ्या मात्र चांगल्या झाल्या होत्या.)

कुठलं झाड, ते विचारायचं नाही. अक्का पहाटे एकट्याच डोंगरावर जायच्या, वाटेत कुणी बोललं तरी उत्तर द्यायच्या नाहीत. पाला घरी यायचा तो तिथंच दगडावर ठेचून.

नाव दुसऱ्याला सांगितलं की आपल्या हातचा गुण जातो, असं त्यांच्या आईनं सांगितलेलं. म्हणून नाव एकदाच सांगायचं, पाला देणं कायमचं थांबवायचं तेव्हा.

माझा लेक मास्तर. तो चिडायचा. मोठी आई, आपण बौद्ध लोक, हे असलं सगळं सोडून साठ वर्षं झाली, म्हणायचा.
अक्का म्हणायच्या, "सोडलं की. देव सोडले, उपास सोडले. एवढं एक राहू दे रे."

मग त्याची लेक प्रज्ञा नांदेडला पीएचडीला लागली. झाडपाल्यातनं औषध काढायचं शास्त्र. मी अख्ख्या गल्लीत सांगून आले, दोन घरी तर दोनदा सांगितलं.

हॉस्टेलवर तिच्या खोलीत अजून दोघी होत्या. एकदा तिघी गावाला आल्या. एकीचं संशोधन डोंगरातल्या पर्यटनावर. ती आमच्या डोंगराचे फोटो काढत बसली, आम्हाला नवलच. दुसरी न्यूट्रॉन म्हणून काहीतरी असतं, ते भिंतीतनं किती पार जातं त्याचं गणित मांडत होती. मी विचारलं, दिसतं का ते? नाही म्हणाली.
अक्का माझ्या कानाशी आल्या. "हिला कुणी म्हणत न्हाई का, असलं सगळं सोड म्हणून?"

प्रज्ञानं हट्टच धरला, संशोधन मोठ्या आजीच्या पाल्यावरच करणार.

अक्कानं अडीनडीला वाळवून डब्यात ठेवलेल्या पुडीतली थोडी काढून दिली. लॅबमध्ये त्यातली हळद कळली, कडुनिंब कळला, तिसरं काही कळेना. सर म्हणाले, अख्खं झाड आणा, फुलासकट. त्याशिवाय नाव लागत नाही.

आणि तो दुष्काळाचा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. डोंगरावर नुसता दगड.

एका दुपारी अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या.
"सुंदरा, पोरीचं शिक्षण अडलंय. तुला नाव सांगते, तू तिला सांग. मी आता पाला देणं बंद करते."

मी पटकन हात ठेवला.

आदल्याच दिवशी एक बाळंतीण पाय भाजून आली होती. अशा बायांनी मग जायचं कुठं?
आणि खरं सांगते, मला वाटलं, नाव सांगितलं म्हणजे ह्या आता जाणार.

"अक्का, आत्ता न्हाई. पाऊस पडू द्या. झाडच दावा पोरीला."
"बरं," म्हणाल्या. पाणी प्यायल्या आणि उठल्या.

आठ दिवसांत लकवा झाला.
जीभ गेली. उजवा हात गेला. लिहायला तर त्यांना कधीच येत नव्हतं. मी निदान चौथी शिकले.

लातूरच्या दवाखान्यात अकरा दिवस होत्या. मी खाटेजवळ बसून नावं घेत होते. दगडीपाला का? टाकळा का? आघाडा का?
मान हलायची नाही.
कोरफड का म्हटलं, तर असं बघितलं माझ्याकडं, की एवढं पण कळंना का तुला. मला हसू आलं, मग रडू आलं.

प्रज्ञानं मोबाईलवर झाडांचे फोटो दाखवले, शंभर तरी असतील. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना सगळं सारखंच हिरवं दिसत असणार. शेवटी डाव्या हातानं मोबाईल बाजूला सारला.

तोंडातनं नुसता आवाज यायचा. मी कान लावून बसायचे. सांगा अक्का, सांगा, म्हणायचे. काहीच लागत नव्हतं.

मृगाच्या आधी गेल्या.
त्या वर्षी मग लई पाऊस झाला.

प्रज्ञा आता डॉक्टर झाली, दुसऱ्याच एका झाडावर. फोटो टाकलाय बघा, काळ्या झग्यातला. किती छान दिसते! मला आनंदच आहे, नाही कशाला म्हणू.

परवा लांबच्या गावची एक बाई हात भाजून दारात आली, केवळाबाई हायत का विचारत. मी तिच्या हातावर थंड पाणी ओतलं आणि दवाखान्यात जा म्हणाले. दुसरं काय करणार.

दरवर्षी पावसाळ्यात प्रज्ञा सुट्टी काढून येते आणि मला डोंगरावर नेते. तिथं काय काय उगवलेलं असतं, पिवळं, जांभळं, पांढरं. ती एकेक उपटून माझ्यापुढं धरते.

"आजी, हे?"
मी चुरगाळून वास घेते.
"असंल बाई."
"आणि हे?"
"हे पण असंल."

अक्का, तुम्हाला माझा जयभीम.