अर्ध्या तासाचं क्षेपणास्त्र आणि आमचा जिना

नानांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी वरच्या गॅलरीत त्यांच्याजवळ बसून लसूण सोलत होते.

"काय गं, ते लांब पल्ल्याचं अणुबॉम्बवालं क्षेपणास्त्र सुटलं, तर इथवर यायला किती वेळ लागतो?"

नाना म्हणजे माझे वडील, वय सत्त्याऐंशी. भिंगारला लष्कराच्या एका कचेरीत त्यांनी सारा जन्म कारकुनी केली. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, लग्न केलं नाही, आता खालच्या खोलीत दहावीच्या शिकवण्या घेते. नाना वरच्या खोलीत राहतात. आणि माझ्याबद्दल एक आधीच सांगून टाकते, मी संशयी आहे. दूधवाल्याच्या देखत दुधात बोट बुडवते, गॅसची टाकी वजन करून घेते, आणि कुणी फार गोड बोलायला लागलं की ह्याला काय हवंय, हेच आधी डोक्यात येतं. त्यामुळे माझी चिडचिड फार होते, पण फसले फारशी नाही.

प्रश्न विज्ञानाचा होता म्हणून उत्तर दिलं. दुसऱ्या खंडातून सुटलेलं क्षेपणास्त्र साधारण अर्ध्या तासात पोचतं. पहिली तीन-चार मिनिटं इंजिन जळतं, मग वीसेक मिनिटं ते हवेच्याही वरून, फेकलेल्या दगडासारखं नुसतं जात राहतं. खाली येताना मात्र मिनिट-दोन मिनिटांचा खेळ.

"आणि शेजारच्या देशातून?"

"मग कसला अर्धा तास! आठ-दहा मिनिटं. कमीच, जास्त नाही."

नानांनी "हं" केलं आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड वळवलं.

ते दिवस सीमेवरच्या ताणाताणीचे होते. टीव्हीवर सकाळपासून लाल अक्षरं पळायची. तरी नानांनी घाबरून विचारलं असेल, हे मला पटेना. भिंगारचा माणूस आवाजाला घाबरत नाही. लष्कराच्या रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या मांडणीवरची ताटं हलतात, आणि आम्ही 'आर्मीचं काहीतरी असेल' म्हणून तव्यावरची पोळी उलटतो. नाना तर त्या आवाजात जेवणानंतर घोरणारे.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. "पण ते वाटेत अडवता येतं ना?"

येतं, म्हटलं, पण कुठं गाठणार? सुटताना गाठायचं तर शत्रूच्या अंगणात जाऊन बसायला हवं. वर गाठायचं तर तो खऱ्या बॉम्बबरोबर दहा खोटे फुगे सोडून देतो. वर हवाच नाही, त्यामुळे फुगा आणि बॉम्ब एकाच वेगानं जातात आणि रडार बसतं ओळखत. आणि खाली येताना गाठायचं तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत कारभार आटपलेला. काही पडतील, काही निसटतील. टीव्हीवरचा तो सुटाबुटातला म्हणतो आपण सगळी पाडू. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं, पण स्वतः विश्वास ठेवला नसता.

"म्हणजे आपल्या हातात राहतात ती फक्त मिनिटं," नाना म्हणाले.

"तेवढीच."

इथं माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. माणूस दोन-तीन दिवसांत दोनदा एकच विषय काढतो, आणि उत्तर मिळालं की गप्प बसतो, म्हणजे त्याला उत्तर कशाला तरी वापरायचं असतं. वर्गातली पोरं असंच करतात.

मग दादाचे फोन सुरू झाले. दादा माझा मोठा भाऊ, मिरजगावला त्याचं खताचं दुकान आहे. एरवी दिवाळी आणि नानांचा वाढदिवस, एवढेच त्याचे फोन. आता बरोबर माझ्या शिकवणीच्या वेळेला, रोज. मी जिना चढायला लागले की वरचा आवाज बारीक व्हायचा. एकदा मी मुद्दाम चपला काढून चढले. नाना म्हणत होते, "तिला आत्ता काही बोलू नकोस. ऐकायची नाही ती." मी तशीच खाली आले आणि कणीक इतकी घट्ट मळली की त्या पोळ्या नानांना चावेनात.

त्यात शेजारच्या काकूंनी भर घातली. "नाना दुपारचं जिन्यात काय करत्यात वो? हातात घड्याळ घिऊन उतरत्यात, मग कठड्याला धरून परत वर. कालच म्या पाह्यलं. पडलं-बिडलं तर केवढ्याला पडंल?"

आमचा जिना बाहेरून आहे, वीस पायऱ्या, मध्ये वळण. नानांचे गुडघे दोन्ही गेलेले. दोन वर्षं झाली, मी धरल्याशिवाय ते उतरत नाहीत. तुम्ही खालीच राहा, मी वर्ग वर नेते, असं मी शंभरदा म्हटलं असेल. नाहीच म्हणतात. का, तेही सांगत नाहीत.

माझा हिशोब जमला. नाना पायांचा सराव करत होते. दादाकडे जायचं ठरलं होतं आणि मला शेवटच्या दिवशी सांगणार होते. एकदा नाना तिकडे गेले की घराचा विषय निघायला किती वेळ? मी त्यांच्या खाटेखाली वाकून बघितलं. बॅग भरलेली! चार धोतरं, गुडघ्याचं तेल, देवाची छोटी तसबीर. माणूस चार दिवसांसाठी कुठं देव घेऊन जात नाही.

"कुठं निघालात?"

नाना चोरासारखे दिसले. "रविवारी दादा येतोय गाडी घेऊन. जरा हवापालट."

"मे महिन्यात मिरजगावला हवापालट? नाना, मी काय कुक्कुलं बाळ आहे? काय कमी पडलं इथं? पथ्याचं करते, औषधं देते, पेपर वाचून दाखवते. दादानं काय सांगितलं तुम्हाला?"

"त्यानं नाही सांगितलं. मीच त्याला म्हटलं."

हे जास्त लागलं. मी तरातरा खाली आले. चार दिवस मी त्यांच्याशी औषधाच्या गोळीपुरती बोलले. खरं सांगते, रडले पण.

हवाई हल्ल्याच्या भोंग्याची तालीम त्याच आठवड्यात, गुरुवारी होती. पेपरात आलं होतं, दुपारी चार वाजता भोंगा वाजेल, घाबरू नये, सुरक्षित जागी जाण्याचा सराव करावा. सकाळी मीच नानांना वाचून दाखवलं होतं, तेही तोंड फुगवून. चार वाजता मी पोरांना भिंगातून किरण कसा वळतो ते काढून दाखवत होते. खिडक्या बंद, कुलर घरघरत होता. भोंगा झाला. चांगला लांब झाला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सायरन." मी म्हटलं, "आर्मीचं काहीतरी असेल. आकृती पूर्ण करा." आणि मी ती पुसून पुन्हा नीट काढली, कारण नाभी चुकीच्या जागी आली होती.

पाच वाजता पोरं गेली. मी चहा घेऊन वर निघाले, तर नाना जिन्याच्या वळणावर पायरीवर बसलेले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, कठडा दोन्ही हातांनी धरलेला, घड्याळ मांडीवर. माझ्या हातातला चहा सांडला.

"नाना! अहो, हे काय? कधीपासून बसलाय?"

"भोंग्यापासून." आणि ते हसत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "बस इथं. बस गं."

मी बसले. ते सांगायला लागले. शेजारून सुटलं तर आठ-दहा मिनिटं, हे मीच सांगितलं होतं. त्यातली दोन-तीन भोंगा वाजेपर्यंतच जाणार. नानांनी पाच वेळा जिना उतरून पाहिला, दर वेळी नऊ मिनिटं. म्हणजे ते स्वतः काही वेळेत खाली पोचत नाहीत, त्याचं त्यांना दुःख नव्हतं. वर्ग वर आणला तर वीस पोरं त्या जिन्यात अडकतील, म्हणून तेही नको. पण भोंगा झाला की मी खालची पक्की खोली सोडून, पोरांना सोडून, त्यांना आणायला वर धावणार. मग दोघंही जिन्यात.

"तू येणारच, ह्याची मला खात्री होती. लहानपणापासून हट्टी. म्हणून म्हटलं, आपणच इथून हलावं. मी वर नसलो तर तू येशील कशाला?"

दादाला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं!

"आज भोंगा झाल्याबरोबर मी इथवर आलो. म्हटलं, तू चढायला लागलीस की ओरडावं, मागं फीर. बसलो वाट बघत. पाच मिनिटं झाली, दहा झाली." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या दहावीच्या निकालानंतर तो हात डोक्यावर आला नव्हता. "तू आली नाहीस. पोरांजवळ थांबलीस. शहाणी आहेस गं. मी उगाच संशय घेतला. कचेरीत आमचे साहेब म्हणायचे, तालमीत जे होतं तेच खऱ्या वेळी होतं. आता मला काळजी नाही."

मग त्यांनी तिथंच बसून दादाला फोन लावला. "रविवारी येऊ नकोस. गरज नाही आता. मी इथंच राहतो."

मी त्यांना धरून वर नेलं, सदरा बदलला, बॅगेतली तसबीर काढून कोनाड्यात ठेवली. नाना रात्री दोन पोळ्या जास्त जेवले. त्यांना वाटतं, मी विचार करून थांबले. भोंगा वाजत होता तेव्हा नाना वर आहेत, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी त्यांना ते अजून सांगितलेलं नाही.